मी नव्याण्णव दाखवले तेव्हा

दवाखान्याच्या पांढऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, स्वतःचीच वायर गुंडाळून बसलेला मी एक जुना पल्स ऑक्सिमीटर आहे. माझी वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली आहे आणि पडद्याखाली औषधी पट्टीचा एक तुकडा चिकटवलेला आहे. त्या तुकड्यावर एकच शब्द लिहिला आहे. तो का लिहिला, तेच मला तुम्हांला सांगायचे आहे.

मित्रांनो, माझे काम सोपे आहे. माझ्या चिमट्यात बोट घातले की त्यातून दोन प्रकाश आरपार जातात, एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेले रक्त लाल प्रकाश बराचसा जाऊ देते, ऑक्सिजन नसलेले रक्त तो अडवते. या फरकावरून मी शंभरपैकी एक आकडा काढतो. पंच्याण्णवच्या वर असला की बहुधा ठीक.

१९९९ साली मी मुळशीच्या रस्त्यावरच्या शाकिर डॉक्टरांच्या दवाखान्यात आलो. भातलावणीच्या दिवसांत बायका गारठलेली बोटे घेऊन येत आणि मला काहीच वाचता येत नसे. मग गंगूबाई आया त्यांचे हात चोळत म्हणायची, "ह्या सायबाला गार हात चालत न्हाईत, बाई!" एकदा गनीचाचांच्या दम्यात मी श्याऐंशी दाखवले. त्यांना लगेच ऑक्सिजन लावला आणि ते वाचले. तेव्हापासून माझा आकडा म्हणजे शेवटचा शब्द झाला. मलाही ते आवडू लागले होते.

२००३ सालच्या जुलैमध्ये जवळच्या माले गावाहून रत्नाबाई आपल्या बाळंतीण लेकीला, कल्पनाला, घेऊन आल्या. बाळ बारा दिवसांचे होते. कल्पनाचे डोके फुटायला आले होते. तिला उलट्या होत होत्या आणि ती बोलता बोलता मध्येच गप्प होई.

डॉक्टरांनी तिच्या बोटाला मला लावले. मी नव्याण्णव दाखवले.

"ऑक्सिजन उत्तम आहे. अशक्तपणा असेल. सलाईन लावू, मग घरी न्या," डॉक्टर म्हणाले.

"न्हेते," रत्नाबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. "माजंबी टकुरं ठणकतंय सकाळधरनं. लेकरूबी नुसतं झोपतंय, दूध वडंना."

गंगूबाई सलाईनची बाटली टांगत होती. तिने मान वळवली.

"तिघांस्नी एकदम अशक्तपणा? रत्ने, शेगडी कुटं ठिवलीया?"

"आन् कुटं? खाटंखाली. बाळातिणीला शेक नगं व्हय?"

"आन् खिडकी?"

"लावलीया. फटीत गोणपाट कोंबलंय. गारठा किती हाय!"

डॉक्टर जागच्या जागी थांबले. मग त्यांनी ऑक्सिजनचा सिलिंडर ओढला आणि कल्पनाच्या तोंडावर मास्क बसवला. बाळासाठी दुसरा, लहान मास्क शोधला.

"अवो, पर मशीन तर नव्याण्णव म्हनतंय!" रत्नाबाई घाबरल्या.

"मशीन फसलंय," डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, ते खरे होते. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि असे रक्त लाल प्रकाशाला जवळजवळ ऑक्सिजनवाल्या रक्तासारखेच दिसते. माझ्याकडे दोनच प्रकाश आहेत. त्यांना हा फरक कळत नाही. त्या दिवशी माझ्या भरवशावर तिघी घरी गेल्या असत्या, त्याच खोलीत, त्याच खाटेवर.

जीपमध्ये सिलिंडर चढवून त्यांना पुण्याला नेले. तिथल्या रक्ततपासणीने डॉक्टरांचा संशय खरा ठरवला. तिघी वाचल्या. परत आल्यावर डॉक्टरांनी औषधी पट्टीचा तुकडा कापला, त्यावर 'शेगडी?' असे लिहिले आणि माझ्या पडद्याखाली चिकटवला. मला त्याचा अपमान वाटला नाही. इतकी वर्षे आकडे दाखवून जे मला शिकता आले नाही, ते त्या शब्दात होते.

आता २०१० साल आहे. बोटावर मावेल असा नवा ऑक्सिमीटर आला आहे आणि मी कपाटात असतो. मागच्या आठवड्यात ते बाळ आले. आता तिचे नाव अपेक्षा, वय सात, आणि आजार म्हणजे साधी सर्दी. कपाट उघडे दिसताच तिने मला बाहेर ओढले. गंगूबाईने हौसेने वायर जोडली. मी थोडा वेळ घेतला आणि अठ्ठ्याण्णव दाखवले.

"हितं शेगडी का लिवलंय?" अपेक्षाने विचारले.

"तुज्यामुळं," गंगूबाई म्हणाली. "घरात हाय का अजून ती?"

"हाय की. आजीनं तिच्यात कोथिंबीर लावलीया. खिडकीत असती."

मित्रांनो, माझ्या भावंडांना स्वच्छ पुसत जा आणि त्यांच्यापुढे कोमट, कोरडे बोट धरा. ते आकडा दाखवतील, तो नीट वाचा. मग गंगूबाईसारखे आणखी एक विचारा, की घरात काय चालले आहे. कारण खिडकी बंद आहे की उघडी, हे बोटातून दिसत नाही.