लाँचचा दिवस

तिसरीच्या बाईंचा धाकटा भाऊ लाँचवर तिकिटं फाडायचा. गेल्या वर्षी भर खाडीत लाँच उलटली आणि तो गेला. शोधाशोध झाली, ओळख पटवणं झालं, भेटायला येणारे येऊन गेले. रजा संपल्यावर बाई शाळेत आल्या आणि त्यांनी आठच्या पाढ्यापासून पुढे शिकवायला सुरुवात केली. रडू तेव्हाही आलं नव्हतं, नंतरही आलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. दात काढून आल्यावर गाल कसा परक्याचा वाटतो, तसं त्यांचं अख्खं अंगच झालं होतं.

वर्ष भरत आलं तसं गावानं त्या दिवशी सभा घ्यायचं ठरवलं. शाळेतही कार्यक्रम ठरला. पुस्तकात ‘सण आणि स्मृतिदिन’ हा धडा होताच. तो आधी शिकवून घ्यावा, म्हणजे मुलांना कळेल, असं निघालं. मुख्याध्यापिकांनी बाईंना ऑफिसात बोलावून घेतलं.

“तो धडा मी घेते. तुम्ही माझ्या चौथीला चित्रकला द्या तेवढी.”

“कशाला? धडाच तर आहे.”

“बघा हं. उगीच मन घट्ट करून काही करू नका.”

“करावं लागत नाही हल्ली,” बाई म्हणाल्या. “असतंच.”

बाईंनी फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली. एकीकडे ‘आनंदाचे दिवस’, दुसरीकडे ‘आठवणीचे दिवस’. घरी कोणते दिवस पाळतात ते मुलांना आदल्या दिवशीच विचारून यायला सांगितलं होतं. हात भराभर वर झाले. एकाच्या घरी कुत्रा आणला तो दिवस साजरा होत होता. एकीच्या बाबांनी सिगारेट सोडली तो दिवस होता, पण तो दर वर्षी बदलतो, असं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. मग वर्गातला ‘वकील’ उभा राहिला. हे नाव त्याला बाईंनीच ठेवलं होतं.

“बाई, आजोबा वारले. पण आजी त्यांच्या वाढदिवसाला केक आणते आणि सगळा आपणच खाते. तो दिवस कुठल्या बाजूला?”

वर्ग खो खो हसला. हसायची जागा आली हे बाईंनाही कळलं आणि त्यांनी ओठ हलवले.

“आजीला विचारून ये,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची चिमणी बोलली. ती सारखी चिवचिवायची म्हणून चिमणी. “बाई, आमच्याकडे लाँचचा दिवस आहे. माझे बाबा त्या दिवशी वाचले ना! आजी म्हणाली, गोडधोड करायचं, सगळ्यांना बोलवायचं. आनंदाच्या बाजूला लिहा.”

बाईंचं कोण गेलं हे मुलांना ठाऊक होतं. मागून कुणीतरी चिमणीला “ए, गप ना,” म्हणालं. वकील फणकारला, “त्या दिवशी हसायचंपण नसतं. माणसं मेलीत.”

“पण माझे बाबा नाही मेले!” चिमणी रडवेली झाली.

बाई खडू घेऊन उभ्या होत्या. आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून त्यांनी जरा वाट पाहिली. काही वाटलं नाही. त्यांनी आनंदाच्या बाजूला ‘लाँचचा दिवस’ लिहिलं, मग आठवणीच्या बाजूलाही लिहिलं.

“तुझ्या घरी इकडे. दुसऱ्या कुणाच्या घरी तिकडे. दोन्ही बरोबर.”

“आणि तुमच्या घरी, बाई?” चिमणीनं विचारलं.

“आमच्या घरी अजून काही ठरलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना चिमणीचे बाबा फाटकाशी उभे होते. ते पलीकडच्या काठावर वेल्डिंगच्या कामाला जायचे. आता जात नव्हते. लाँचवर पाय ठेववत नाही म्हणून इकडेच एका गॅरेजात लागले होते.

“पोरगी काहीबाही बोलली म्हणे. आम्ही नाही करणार काही. म्हातारी हटून बसली होती, पण मी सांगतो तिला.”

“करा की. तिनं काही वाईट नाही सांगितलं.”

ते जाईनात. टोपी काढली, परत घातली. “तुमच्या भावाला मी रोज बघायचो.”

“शेवटचं काही सांगणार असाल तर नको.”

“शेवटचं मला आठवतच नाही, बाई. लोक विचारतात म्हणून काहीतरी ठोकून देतो. खरं म्हणजे पाण्यात पडलो आणि मग कुणीतरी ओढत होतं, एवढंच. त्याच्या आधीचं आठवतं. सकाळी मला लाँचमध्ये डुलकी लागायची. उतरायची वेळ झाली की हा खांद्याला हलवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, ‘उठा जावईबापू, सासर आलं!’ रोज. लोक हसायचे. मी चिडायचो.”

बाई ऐकत राहिल्या. भाऊ असं ओरडायचा हे त्यांना माहीत नव्हतं. घरात तर त्याच्या तोंडून शब्द काढून घ्यावा लागायचा.

घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी हे आईला सांगितलं. लाँच उलटली त्या दिवसापासून आईनं मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

“जावईबापू? ह्याचं स्वतःचं कुठं जमत नव्हतं, आणि हा लोकांची सासरं काढत बसला होता?”

आई हसली. हसता हसता पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. बाई शेजारी बसल्या. आईच्या पाठीवर हात ठेवायला हवा हे लक्षात येऊन त्यांनी ठेवला, आणि उरलेली भाजी दुसऱ्या हातानं निवडून टाकली.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलं मैदानात रांगेत शांत उभी राहिली. पहिलीतलं एक पोर शिंकलं, मग दुसरं, मग हसू रांगभर पसरलं. बाई कुणावर डोळे वटारायला गेल्या नाहीत. मंचावर दोन शब्द बोलाल का म्हणून मुख्याध्यापिकांनी विचारलं होतं. बाईंनी नको म्हटलं होतं.

संध्याकाळी चिमणीच्या घरचं बोलावणं होतं. बाई जाणार नव्हत्या. आईच इस्त्रीची साडी नेसून दारात येऊन उभी राहिली.

“मी निघाले. तू येत असलीस तर चल.”

“आई, तिथं आनंदाचं आहे आज.”

“असू दे. त्याला रोज बघणारा माणूस आहे तो.”

चिमणीच्या आजीनं दार उघडलं. ह्या दोघींना बघून घरात हसण्याबोलण्याचा आवाज होता तो खाली आला. मग तिनं आईचा हात धरून तिला आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. आईनं चिमणीच्या बाबांना समोर बसायला सांगितलं.

“ते परत सांगा. जावईबापूंचं.”

त्यांनी सांगितलं. आधी खालमानेनं, मग आवाज काढून. आईनं बारीकसारीक विचारलं, कोणता शर्ट घालायचा, थंडीत कान बांधायचा की नाही. जे आठवत होतं ते त्यांनी सांगितलं. जे आठवत नव्हतं तिथं “नाही हो आठवत,” म्हणाले. बाईंच्या मांडीला टेकून चिमणी आपली रंगपेटी दाखवत होती. वाटीतलं गोड जरा जास्तच गोड झालं होतं. बाईंनी ते संपवलं.

परतताना आई रस्त्याच्या कडेनं सावकाश चालत होती.

“चांगली माणसं आहेत,” ती म्हणाली.

“हं.”

“तुला काही बोलावंसं वाटतंय का?”

बाईंनी विचार केला. “नाही वाटत. खरंच नाही.”

“बरं. वाटेल तेव्हा बोल. मी आहे घरातच.” आईनं त्यांचा दंड धरला, आधारासाठी की आणखी कशासाठी, ते कळलं नाही. “उद्या शाळा आहे ना?”

“आहे.”

“मग जरा पाय उचल.”