मित्सुए वन्संच्या वहीतलं शेवटचं पान

"आधी हात जोड, मगच वही पुढे कर. आणि माझ्या वहीत भलतासलता शिक्का उमटू देऊ नकोस, किनुए."

सकाळी आमच्या गावी, हाशिमोतोला, गाडीत बसले तेव्हापासून मित्सुए वन्संचा हा आवाज माझ्या कानात होता. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दोन महिने इस्पितळात आहेत आणि डॉक्टर आता फक्त दिवसांच्या गोष्टी बोलतात. तीस वर्षं त्यांनी देवळं केली. दर देवळात घडीच्या वहीचं एक पान पुढे करायचं, भिक्षू त्यावर काळ्या शाईने देवाचं नाव लिहितो आणि वर तांबडा शिक्का उठवतो. शेवटी ती वही माणसाबरोबर शवपेटीत ठेवायची, अशी आमची रीत. पलीकडे गेल्यावर दाखवायला काहीतरी हवं ना! वन्संच्या वहीत एकच पान उरलं होतं. ते त्यांना ओसाकातल्या त्या देवळाचं हवं होतं, जिथे सासूबाईंनी त्यांना लहानपणी पहिल्यांदा नेलं होतं.

"पान कोरं राहणार नाही," मी शब्द दिला होता. शिवाय दोन वस्तू आणायच्या होत्या. शेवटच्या प्रवासासाठी पांढरे ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे. आणि थोडा खारवलेला कोम्बू, म्हणजे समुद्रातलं रुंद पानाचं शेवाळ. "तोंडाची चव गेली गं," त्या म्हणाल्या होत्या, "पण समुद्राचं ते पान चघळीन म्हणते."

मी रोज सकाळी देवघरापुढे दहा व्रतं म्हणते. सहावं कठोर न बोलण्याचं, नववं न चिडण्याचं. त्यातून त्या दिवशी एकवीस तारीख, मासळीमांस न शिवण्याचा दिवस. ओसाकात नाम्बाला उतरून बाजारात शिरले आणि पहिल्या वळणावरच रुमाल नाकाला लावला.

अकरा वर्षांपूर्वी मी आले होते तेव्हा तिथे लोणची, सुकी मासळी, चहा असायचा. आता दोन्ही बाजूंना नुसत्या मांस भाजायच्या तापलेल्या सळ्या. गाईच्या चरबीचा धूर छताखाली कोंडला होता. लोक चालता चालता खात होते, कोपरापर्यंत ओघळ येत होते, आणि चाटलेल्या काड्या जिथे जागा मिळेल तिथे खोचलेल्या होत्या. लेकरं राखणाऱ्या दगडी जिझोच्या चिमुकल्या देवळीतसुद्धा, फुलांच्या पेल्यात, एक काडी उभी होती. टोकाला मांसाचा तुकडा तसाच. मी ती रुमालात धरून काढली. कुठे टाकावी तर कचऱ्याचा डबा नाही. ती पिशवीत घालून दिवसभर वागवली. वास अजून गेलेला नाही.

कोम्बूवाल्याचं दुकान सापडलं, पण पुढे भट्टी होती.

"काय मावशी, खेकड्याचा पाय देऊ? चार हजार येन, इथेच भाजतो!"

"मला खारवलेला कोम्बू हवाय."

"कोम्बू? अहो, तो आता आमच्या घरी मांजरसुद्धा हुंगत नाही."

"आजारी माणसासाठी हवाय."

"मग तर खेकडाच न्या, टुणकन उठून बसेल!"

स्वतःच्याच विनोदावर हसत तो आत गेला आणि मागच्या फळीवरून एक पुडकं काढलं. त्यावरची धूळ त्याने तेलकट एप्रनने पुसली, म्हणजे धुळीवर तेल चढवलं. कागदावर त्याच्या अंगठ्याचा चकचकीत ठसा उमटला. मी पैसे दिले आणि मान लववली. सहावं व्रत.

ताबीसाठी मोठ्या दुकानाच्या चौथ्या मजल्यावर गेले. मांजरीच्या तोंडाचे होते, फुलाफुलांचे होते. पांढरे अगदी खालच्या खणात. वन्संच्या पायाचं माप मी एका चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवलं होतं. वही गल्ल्यावर ठेवून शेवटचं पान उघडलं, चिठ्ठी घेतली आणि खण उपसायला वाकले. मापाचा जोड हाती लागायला वेळ लागला.

उभी राहिले तेव्हा गल्ल्यावरची मुलगी दोन्ही हातांनी, जीभ दातांत धरून, अगदी मन लावून शिक्का दाबत होती.

"झालं हं, मावशी! छान उठलाय. आता दोनच मजले राहिले."

दुकानात त्या आठवड्यात मजल्यामजल्यावर शिक्के गोळा करायचा खेळ चालू होता. त्याच्या वह्यासुद्धा अशाच घडीच्या. मुलीने शाई पसरू नये म्हणून वर टिपकागदही ठेवला होता. तो उचलला. वन्संच्या शेवटच्या पानाच्या मधोमध एक गुलाबी ऑक्टोपस, डोक्याला फडकं बांधलेला, एक डोळा मिटून माझ्याकडे पाहत होता.

"ही देवाची वही आहे," मी म्हणाले.

मुलीने मागची पानं उलटली आणि पांढरीफटक पडली. नऊ-दहा वेळा कमरेत वाकली. "खोडरबराने... नाही, तो... मावशी, मी काय करू?"

तिच्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. शिसारी आली ती त्या गोड गुलाबी तोंडाची. मी ताबी घेऊन बाहेर पडले.

देवळापर्यंत जवळजवळ धावतच गेले. अंगणात एकविसाचा बाजार भरलेला, जुने किमोनो, बरण्या. काही न बघता मी शिक्क्याच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिले. पुढच्या तरुणाने पाच वह्या काढल्या. एका हाताने फोनवर बोलत होता: "हो, आजच्या तारखेची. भाव चढा मिळेल." पाचही भरून मिळाल्या.

माझी वही भिक्षूने उघडली आणि दोन बोटांनी परत सरकवली.

"असल्या खेळाच्या वहीत आम्ही लिहीत नाही."

"चुकून उठलाय. मागची पानं बघा ना. तीस वर्षांची आहेत. नणंदेबरोबर शवपेटीत जायची आहे ही वही."

"नियम आहे, आजी."

"आत्ता ते पाच वह्या घेऊन गेले. विकायला."

"त्यांची पानं कोरी होती. पुढचे, या."

तरुण खांबापाशी रेंगाळला होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, सुट्ट्या कागदावर लिहिलेलं आहे माझ्याकडे, याच देवळाचं. ऑक्टोपसवर डकवा. मेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"त्या अजून जिवंत आहेत," मी म्हणाले. पण माझा हात पाकिटाकडे गेला होता. तो मी पाहिला, आणि बाजारातल्या चरबीपेक्षा मोठी किळस त्या हाताची आली.

खांबाआडून झाडूचा आवाज थांबला. "ए, पळ इथून! भाव चढवणारा!" झाडणाऱ्या म्हातारीने तरुणाला हाकललं, मग कमरेच्या पिशवीतून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "घे, चघळ. रंग उडालाय तोंडाचा. बुद्धाला भेटून आलीस का?"

वन्संचं वाक्य आठवलं. आधी हात जोड, मगच वही पुढे कर. फाटकातून तडक खिडकीशी आले होते मी. त्या तरुणासारखीच.

"आमच्या वेळी शिक्का मागून मिळत नव्हता," म्हातारी पुन्हा झाडायला लागली. "सूत्र हाताने लिहून वाहायचं, त्याची पोच म्हणजे शिक्का. अजूनही लिहून दिलंस तर पोच द्यावीच लागते. सुट्ट्या कागदावर देतात, तो तू डकव. लेखनघर मागे आहे, चारला बंद होतं. दीड तास बसावं लागेल."

"अडीच वाजलेत."

"मग बोलत काय बसलीस?"

सातपर्यंत इस्पितळात भेटू देतात, आणि गाडीला तास लागतो. जमणार होतं. मी आधी मोठ्या दालनापुढे गेले, हात जोडले, गोळी तोंडात तशीच होती तरी जोडले. वन्सं पोच बघतील, आणि कडेने डोकावणारा ऑक्टोपसही बघतील. काय म्हणतील ते म्हणोत.

मग चपला हातात घेऊन, मागच्या ओट्यावरून, लेखनघराकडे चालू लागले.