सेनापतीचं सहावं अंडं

सेनापती अंडी घालतोय, ही बातमी पहिल्यांदा आली तेव्हा घरात कुणाचाच विश्वास बसला नाही.

परसात दोन कासवं होती आणि दोन्ही नर, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. पहिलवान ताईकडे कित्येक वर्षं होता. सेनापती मागाहून आला. शेजारचे संगीतशिक्षक गाव सोडून निघाले तेव्हा तो ताईच्या हाती देऊन गेले. पहिलवान त्याला दिवसभर धडका द्यायचा, पाय चावायचा, पाठीवर चढायचा. कवचावर कवच आपटल्याचा खटखटाट ताईच्या कामाच्या खोलीपर्यंत यायचा. ताई कवळ्या बनवायची. मेणात दात बसवता बसवता म्हणायची, "भांडताहेत मेले पुन्हा."

तर एका सकाळी वहिनी, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची बायको, शाळेची बस चालवून घरी आली आणि बघते तो सेनापती मागच्या पायांनी जमीन उकरतोय. उकरलेल्या खड्ड्यात टप्पकन काहीतरी पांढरं पडलं.

"ताई, सेनापती बाई आहे," वहिनी दारातूनच म्हणाली.

त्या वर्षी घरात नुसती धमाल होती. लिंबाएवढी पिल्लं, त्यांचे इवलेसे पाय. भाऊ वेल्डर, दिवसभर लोखंडाशी झटापट करणारा माणूस. पण संध्याकाळी पालथा पडून पिल्लांना पानं भरवायचा. जो येईल तो म्हणायचा, मला एक द्या. तशी ती दिलीही. पुढे एक जण आपलं पिल्लू परत घेऊन आला. घरातल्या घरात बादलीत ठेवलं होतं त्यानं, ऊन कधी दाखवलंच नव्हतं. कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं मऊ पडलेलं. ताईनं जंग जंग पछाडलं, पण ते वाचलं नाही. बाकीच्यांची चौकशी केली तर कुणी म्हणालं हरवलं, कुणी फोनच उचलला नाही. इकडे सेनापतीचे मागचे पाय चावून चावून रक्ताळले होते.

"बास झालं," ताई म्हणाली. "यापुढे या घरात पिल्लं नकोत. दोघांना वेगळं करायचं."

भावाचा चेहरा उतरला, पण दुसऱ्याच दिवशी त्यानं परसाच्या मधोमध जाळीचं कुंपण ठोकलं. ते बघून पहिलवानाचं डोकंच फिरलं. जाळीतून सेनापती दिसायची, त्यामुळे तो सकाळपासून जाळीच्या कडेनं येरझाऱ्या घालायचा. नाक घासून सोललं. एकदा वर चढायला गेला आणि उताणा पडून पाय झाडत बसला.

"दिसतंय म्हणून चाललंय हे," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आड काहीतरी लावा. दिसायला नको आणि खालून उकरायला जागा नको."

भावानं जाळीवर पत्रे मारले, खालची कड जमिनीत खोल गाडली. आणि खरंच, थोड्याच दिवसांत पहिलवान शांत झाला. सेनापतीचे पाय भरून आले. ती पुन्हा चरायला लागली, अंगानं सुधारली. ताईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या हंगामात सेनापतीनं खाणं सोडलं. इथे उकर, तिथे उकर, नुसती अस्वस्थ. वहिनीनं तिला टोपलीत घातलं आणि ताईला घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पोटाचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवत मोजलं. पोटात सहा गोल.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "पत्रे तर जागच्या जागी आहेत. म्हणजे कुणीतरी यांना एकत्र सोडलंय. आणि तो कोण ते मला माहितीय."

"अहो, थांबा," डॉक्टरीणबाई हसल्या. "कुणीही सोडलेलं नाही. मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. वेगळं केल्यावरही काही वर्षं तिची अंडी फळू शकतात. कुंपण तुमचं बरोबरच आहे, ते तसंच राहू द्या. फक्त आता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. अंडी घातली की त्याच दिवशी काढा आणि बर्फाच्या कप्प्यात टाका. आत जीव धरायच्या आधी."

घरी आल्यावर भाऊ जेवताना म्हणाला, "सहातलं एक तरी ठेवू या की. आपल्याच घरी वाढवू. कुणाला द्यायचंच नाही."

"आणि ते नर निघालं की? परसाचे तीन भाग करणार? मादी निघाली तर पुन्हा हेच," ताई म्हणाली.

त्यानंतर घराला दुसरं कामच उरलं नाही. वहिनी बसच्या दोन फेऱ्यांच्या मधे धावत घरी यायची. ताईनं कामाचं टेबल खिडकीशी ओढलं. सेनापती भलतीच चलाख. एक खड्डा करायची, सोडून द्यायची, दुसरीकडे जायची. तिघांचा जीव टांगणीला.

आणि नेमकं, ताई एका आजोबांच्या कवळीचं माप घेत होती तेवढ्या वेळात सेनापतीनं डाव साधला. ताई खिडकीशी आली तर बाईसाहेब निवांत पान खात होत्या आणि जमीन जिकडेतिकडे सारखी केलेली. ताईनं दोघांना फोन केले. भाऊ कारखान्यातून सायकल दामटत आला, वहिनी बस लावून पळत आली. तिघंही गुडघ्यांवर बसली, हातात स्वयंपाकघरातले चमचे.

"जोरात नको, फुटतील."

"इथे माती ओली आहे. ताई, इथे बघा तुम्ही."

ताईनं मेण कोरायचा चाकू आणि मऊ ब्रश आणला, आणि दात साफ करावेत तशी माती बाजूला सारायला लागली. पांढरी चकाकी दिसली तेव्हा वहिनीनं तिचा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठला. एक निघालं. त्याच्याखाली दुसरं, तिसरं. पाचवं निघालं आणि मग नुसती माती.

तिघांनी सगळं परस उलथंपालथं केलं. सहावं नाहीच.

ताई उठली. भावाकडे बघत म्हणाली, "खिसे दाखव."

"काय?"

"खिसे दाखव म्हटलं."

वहिनी म्हणाली, "ताई, असं काय करताय तुम्ही?" पण भावानं मुकाट्यानं खिसे उलटे केले. मोजपट्टी, हातमोजे आणि थोडा लोखंडाचा कीस. "ठेवू या असं तुझ्या तोंडावर म्हणालो होतो," तो म्हणाला. "ठेवायचंच असतं तर पुन्हा तोंडावरच सांगितलं असतं. चोरून नसतं ठेवलं." सायकल काढली आणि गेला. जेवायलाही आला नाही.

ताईचं कामात लक्ष लागेना. एका कवळीत सुळा उलट्या बाजूला बसवला.

दुपारी सेनापती पाण्याच्या पसरट भांड्यात जाऊन बसली. बराच वेळ हलेना. मग मान लांब केली, मागचा भाग उचलला, जोर केला. ताई पाय न वाजवता जवळ गेली. पाण्यात बुडुक झालं आणि भांड्याच्या तळाशी सहावं अंडं दिसलं.

ताईनं ते उचललं आणि प्लास्टरनं माखलेल्या एप्रनसकट रस्त्यावर धावली. चपलाही घातल्या नाहीत. कारखान्याच्या दारात ठिणग्या उडत होत्या. भावानं तोंडावरचा मुखवटा वर केला, तर समोर बहीण, दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरलेली.

"तिच्या पोटातच राहिलं होतं," ताई धापा टाकत म्हणाली. "आत्ता घातलं. पाण्यात. चुकले मी. खिसे बघायला नको होते तुझे."

भावानं हातमोजे काढून ते तळहातावर घेतलं आणि एकदम हसायला लागला. "पाण्यात? ही बया पाण्यात अंडं घालते?"

"अरे, माझ्या डोळ्यांदेखत."

तो हसतच सुटला. तशी ताईही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कारखान्यातले बाकीचे हातातलं काम टाकून या दोघांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर भावानंच बर्फाचा कप्पा उघडला. पाच अंडी डब्यात होती. त्यांच्याशेजारी त्यानं सहावं अलगद ठेवलं, क्षणभर थांबला आणि दार लावलं. "तिच्या बाजूला सावली कमी आहे," तो म्हणाला. "उद्या एक छप्पर करून देतो. आणि मला आधी जेवायला वाढा, सकाळपासून उपाशी आहे."

वहिनीनं ताट घेतलं. ताई हात धुवायला गेली.