तोंडं आहेत की तुम्हाला

साहेबांनी वाक्य तयारच ठेवलं होतं. 'दे वेअर चॅटिंग.' दोघी गप्पा मारत होत्या आणि गप्पांच्या नादात धाकटीचा हात गरम रोलरला लागला.

"एवढंच टाईप करा, बाई. मी सही करतो, तुम्ही करा, विषय संपला."

विषय कसला संपतोय? त्या दोघी माझ्या सख्ख्या भावजया. थोरल्या भावाची बायको आणि धाकट्या भावाची. दोघी या धुलाई कारखान्यात खाली कामाला, आणि मी वरच्या खोलीत साहेबांचं इंग्रजी सांभाळायला. आमच्याकडे नियम असा की कामात दुखापत झाली तर उपचार कंपनीचे आणि नोकरी कायम. पण गप्पा मारताना झाली तर ती बेपर्वाई, आणि बेपर्वा माणसाला दार दाखवायचं. म्हणजे त्या एका शब्दावर धाकटीची नोकरी टांगलेली.

"चॅटिंग नको, साहेब. त्या कामात बोलावंच लागतं."

"मग गॉसिपिंग लिहा," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

ते यंत्र तुम्ही पाहिलेलं नसेल म्हणून सांगते. लहानशा खोलीएवढं धूड आहे. थोरली पुढून दवाखान्याच्या ओल्या चादरी रोलरमध्ये सोडते, धाकटी मागून वाळलेल्या ओढून घेते. मध्ये पत्र्याचं झाकण आणि वाफ, त्यामुळे एकीला दुसरी दिसत नाही. यंत्राचं बटण थोरलीच्या हाताशी. चादर गुंडाळली गेली की मागून हाक येते, "थांबवा हो." पुढून, "थांबवलं." मग "झालं का गं?" आणि "झालं, सोडा." दिवसभर हेच. एकीने म्हणायचं, दुसरीने झील धरायची. याला गप्पा म्हणणारा माणूस उद्या भजनालाही गोंगाट म्हणेल.

खरं तर मागच्या बाजूला घंटी आहे. दाबली की पुढे वाजायची. ती कधीचीच मुकी झाली. दोघी तक्रार घेऊन वर आल्या तेव्हा मी याच खुर्चीत होते. साहेब मान वर न करता म्हणाले होते, "घंटी कशाला? तोंडं आहेत की तुम्हाला."

आणि आता तीच तोंडं उघडली म्हणून धाकटीला बाहेर काढायला निघाले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी 'कॉलिंग आउट टू ईच अदर' लिहिते," मी म्हटलं. "एकमेकींना हाका देत होत्या."

"हाका देत होत्या तर हात भाजला कसा?" साहेबांनी चष्मा काढला. "टॉकिंग म्हणा, चॅटिंग म्हणा, वरच्यांना सगळं सारखंच. संध्याकाळपर्यंत द्या. आणि खाली ते नेहमीचं."

ते नेहमीचं म्हणजे माझं वाक्य. वरील मजकूर कामगारांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला आहे, आणि त्याखाली माझी सही. त्याशिवाय अहवाल पुढे सरकत नाही. म्हणजे हाताला पट्टी बांधलेल्या धाकटीसमोर उभं राहून मीच सांगायचं, की बाई गं, तू चकाट्या पिटत होतीस.

तणतणत जिना उतरले खरी, पण साहेबांचा प्रश्न चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचत होता. हाका देत होत्या, तर भाजलं कसं?

कपडे बदलायच्या खोलीत दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेल्या.

"वहिनी, मला शब्दाला शब्द हवा. ही काय म्हणाली आणि तुम्ही काय म्हणालात?"

थोरली भिंतीकडे बघत राहिली. धाकटी म्हणाली, "वन्सं, जाऊबाईंना विचारा."

"तिला म्हणावं, तूच सांग," थोरली भिंतीला म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात चार दिवस मीठसुद्धा माझ्या हातून इकडचं तिकडे जात होतं. धाकटीचे वडील येऊन गेले, आणि थोरली त्यांच्या देखत बोलून गेली होती, "काहींचं माहेर लेकीला भेटायला येतं, काहींचं जेवायच्या वेळेला." तेव्हापासून अबोला.

"तो तुम्ही यंत्रावरसुद्धा धरलात?"

"पत्र्यावर ठोकत होतो," धाकटी हळूच म्हणाली. "ठोकलं की थांबवायचं, परत ठोकलं की सोडायचं."

"हे कुणी ठरवलं?"

"ठरवायला बोलावं लागलं असतं, वन्सं. आपोआपच चाललं होतं."

त्या दिवशी धाकटीने ठोकलं, थोरलीने बटण बंद केलं. धाकटी अडकलेली चादर सोडवायला वाकली, आणि वाकताना तिच्या हातातली बांगडी पत्र्यावर आपटली. थोरलीला वाटलं, झालं. तिने बटण दाबलं.

"'झालं का गं' एवढं विचारायला काय झालं होतं, वहिनी? आणि तुला गं? 'थांबा' म्हणताना जीभ झिजत होती? देवाने वाचा काय टोमण्यापुरती दिली होती? टोमणा मारताना बरी चालली, आणि हात वाचवायच्या वेळी तिला मानपान आठवला. दोघींना एकेक ठेवून द्यावीशी वाटतेय मला."

बोलता बोलताच मला पुढचं दिसलं. खोटं लिहावं तर धाकटी जाते. खरं लिहावं तर थोरली, बटण तिने दाबलं होतं.

थोरली उठली. पदर खोचला. "वर चला," मला म्हणाली. "काय लिहायचंय ते माझ्यासमोर लिहा."

धाकटीही मागोमाग आली. साहेबांनी तिघींना दारात पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"त्या गप्पा मारत नव्हत्या," मी म्हटलं. "'दे वेअर नॉट स्पीकिंग टू ईच अदर.' खरं वाक्य हे आहे."

"बोलतच नव्हत्या?"

"नव्हते बोलत," थोरली म्हणाली. "राग होता माझा. न विचारता बटण दाबलं. चूक माझी आहे, माझ्या नावावर लिहा. हिला काढू नका."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग सोपं झालं. लिहा, बाई, पुढची कामगार बोलली नाही म्हणून अपघात झाला."

"लिहिते," मी म्हटलं, आणि टाईपरायटरला कागद लावला. "पण वरचे विचारतील, यंत्रावर बोलायची गरजच काय? म्हणून त्याच्या आधी लिहावं लागेल की घंटी बंद आहे. आणि तक्रार आली तेव्हा काय उत्तर मिळालं, तेही. 'तोंडं आहेत की तुम्हाला' याचं इंग्रजी मी करते, साहेब. ते काही अवघड नाही."

"घंटीचं काढा."

"मग समजावून सांगितल्याची सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या. या दोघींना मी हे जसंच्या तसं सांगणार आहे, आणि अर्धं सांगितलं तर माझी सही नाही."

मग साहेब उठले, तरातरा खाली गेले. वरून मला दिसत होतं, त्यांनी यंत्रामागची घंटी दाबली. पुन्हा दाबली. मग अंगठ्याने दाबूनच धरली, जणू ती भिऊन वाजणार होती. वर आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "वायरमनला बोलवा. आणि लिहा, घंटी नादुरुस्त असल्याने झालेला अपघात. कुणाचं नाव नको. उपचार कंपनी करेल."

"आणि ते तोंडांचं?"

"ते राहू द्या, बाई," ते कागदाकडे बघत म्हणाले.

ते मी राहू दिलं, पण अजून पचलेलं नाही.

जिन्यात दोघी माझ्यापुढे उतरत होत्या. धाकटीचा पट्टीचा हात खाली लोंबत होता.

"हात वर धर," थोरली म्हणाली. तिने मागे पाहिलं नाही.

"धरलाय."

"वर, अजून. ठणकेल नाहीतर."

"धरलाय म्हटलं ना, जाऊबाई."

"पुढच्या खेपेला तुझ्या वडिलांना आधी कळवून यायला सांग. नीट काहीतरी करून ठेवता येतं." ती दोन पायऱ्या उतरली. "मी चुकले, असं सांग त्यांना."

"तुम्हीच सांगा," धाकटी म्हणाली. "तोंड आहे की तुम्हाला."