मला उठवणारा निरोप

मित्रांनो, सानगडीच्या देवकाबाईच्या मेंदूत, नव्या आठवणी जिथे रुजतात त्या भागाच्या काठाशी मी राहते. मी एक मूळपेशी आहे, तिच्याइतकीच जुनी. माझ्यातून नवी चेतापेशी जन्माला येऊ शकते. मोठ्या माणसांत माझ्यासारख्या किती उरतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मी मात्र उरले होते.

मी माझ्या मनाने काही करत नाही. शेजारच्या पेशी रसायनांतून निरोप धाडतात, त्यावरच माझे आयुष्य चालते. 'झोप' हा त्यांचा नेहमीचा निरोप. त्यात माया असते, कारण सारखी विभागत राहिले तर मी संपून जाईन. 'ऊठ' हा निरोप क्वचित येतो. तो आला की मी विभागते.

देवकाबाई रोवणीच्या बायांची म्होरकी होती. चिखलात वाकून धान रोवताना ती गाणे उचलायची आणि बाकीच्या बाया मागून धरायच्या. नवे गाणे एकदा ऐकले की तिला पाठ. त्या दिवसांत तिच्या रक्तातून खेळते निरोप येत आणि शेजारच्या ताऱ्यासारख्या पेशी मला हलवून उठवत. लोक म्हणायचे, "देवकाबाईचं डोस्कं लय तल्लख." माझे नाव कुणी घेतले नाही, पण मला तेवढे पुरे होते.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात तिचा नवरा आनंदराव साकोलीहून सायकलीने परतताना ट्रकखाली गेला. देवकाबाई ओसरीवर बसली ती उठेना. एकुलती लेक खुशबू नागपूरला नोकरीला. घरात बोलायला कुणी नाही. तिच्या रक्तात ताणाचे रसायन चढले आणि उतरेचना. घटकाभर आले तर ते कामाचे असते, पण मुक्कामाला राहिले की 'ऊठ' हा निरोप त्याच्याखाली दबून जातो. मी निजले.

पुढे खुशबू बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, तिचे नाव हर्षा ठेवले. डॉक्टरांनी देवकाबाईला तपासले आणि खुशबूला सांगितले, "गोळ्या देतो. पण यांना चालवा, बोलतं करा, एकटं ठेवू नका."

"आई, चाल माह्यासंग तलावापर्यंत," खुशबू म्हणाली.

"मले कोठी जाचं नाही. बसू दे."

"मंग हर्षाले कोन घेईल? माह्ये हात दुखून राहिले."

देवकाबाईने नातीला खांद्यावर घेतले. रोज संध्याकाळी तिघी तलावाच्या पाळीवरून फिरू लागल्या. हळूहळू रक्तातला ताण ओसरला आणि चालत्या पायांचा निरोप माझ्यापर्यंत पोचला. मी उठले. मला लेक झाली.

नवी चेतापेशी जन्मली म्हणजे जगली असे नाही. तिला आठवडे न् आठवडे शेजारणींशी धागे जोडावे लागतात, काम मिळावे लागते. एका पेशीत कुणाचे नाव मावत नाही. हजारो पेशी मिळून ते धरून ठेवतात, आणि त्यांच्यात माझी लेक जागा शोधत होती. देवकाबाई हर्षाचे नाव गुंफून गाणेही म्हणू लागली होती.

मग खुशबूची रजा संपली.

"आई, चाल नागपूरले."

"ह्या घरात तुह्या बाबाचं सारं आहे. मी नाही येत."

खुशबू डोळे पुसत गेली. शेजारच्या शकुनबाई भाकरी आणून द्यायच्या, पण त्यांनाही शेत होते. देवकाबाई पुन्हा ओसरीवर बसून राहिली. ताण परतला. धागे पुरते जुळण्याआधीच माझी लेक कोमेजली, आणि तिच्या शेजारणींचे धागेही सुटत गेले. पेशीला रडता येत नाही. मी फक्त झोपेचा निरोप ऐकत राहिले.

वर्षाने खुशबू आली. हर्षा पावले टाकत होती. देवकाबाईने लेकीला ओळखले, पोटाशी धरले, आणि मग त्या लहानगीकडे पाहत राहिली.

"खुशबू, तुले लेकरू झालं आन मले सांगतलंबी नाही?"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दुःखाने बसून राहिले असेल तर दुरून धीर देऊ नका. हाताला धरून उठवा. दुसऱ्या दिवशीही उठवा. माझ्यापर्यंत निरोप पोचायला फार वेळ लागतो, आणि तो तुटायला मुळीच लागत नाही. सारे परत मिळेल असे वचन मी देऊ शकत नाही. मी अजून आहे, एवढेच.

खुशबूने हर्षाला आईच्या मांडीवर बसवले आणि पहिल्यांदाच सांगावे तसे तिचे नाव सांगितले.