काचेच्या तळाची होडी

ऑडिटला गेलेल्या ठिकाणी फाइल उघडण्याआधी उझी तिथला नाश्ता उघडून बघे. चीज ताजं असेल तर कंपनीचे हिशोब बहुतेक बरोबर निघत.

नेटाला हे उमेदवारीच्या पहिल्याच महिन्यात कळून चुकलं. ती वाळवंटातल्या डिमोना गावची, घरात अजून मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातली. बेर-शेवाला अकाउंटिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तिला तेल अवीवच्या एका बड्या ऑडिट फर्ममध्ये उमेदवारी मिळाली, आणि तिच्या आईचे, येहुदितचे, पाय जमिनीवर राहिनात. "माझी नेटा आता मोठमोठ्या शेटलोकांच्या चोऱ्या पकडणार," असं तिने सिनेगॉगमधल्या एकूणएक बाईला गाठून सांगितलं. प्रत्यक्षात नेटाने आजवर पकडले होते ते फोटोकॉपीच्या यंत्रात अडकलेले कागद.

१९९९च्या जानेवारीत फर्मने तिला आणि तिच्या साहेबाला, उझीला, एलातला धाडलं, समुद्रावरच्या एका हॉटेलच्या ऑडिटला. उझी विमानाने गेला. नेटा बसने, अख्खं वाळवंट तुडवत. ती पोचली तेव्हा साहेब टॉवेल खांद्यावर टाकून पोहण्याच्या तलावाकडे निघाले होते.

"मालमत्तेची यादी बघून टाक," तो म्हणाला. "दरवर्षीचीच आहे. खुणा करत जा."

नेटा खुणा करायला बसली नाही. ती यादी हातात धरून हॉटेलभर हिंडली. फ्रीज सापडले, गालिचे सापडले, लॉबीतला पियानोही सापडला. एका गोष्टीपाशी गाडं अडलं. 'काचेच्या तळाची होडी, पाहुण्यांना प्रवाळ दाखवण्यासाठी.' पियानो, गालिचे, फ्रीज सगळे एकत्र केले तरी होणार नाही एवढी तिची किंमत लावलेली होती.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये तिने विचारलं, "उझी, ही होडी कुठाय?" हिब्रूत अहो-जाहोची भानगड नसते, त्यामुळे साहेबालाही सरळ नावाने हाक.

उझीने तोंडातला मासा न गिळताच काट्याने खिडकीबाहेर दाखवलं. "ती काय."

बाहेर धक्क्याला होड्यांची रांग लागली होती.

"यातली कुठली?"

"पांढरी."

सगळ्याच पांढऱ्या होत्या.

"तू कधी चढलायस तिच्यावर?"

"मला समुद्र लागतो," उझी म्हणाला आणि आणखी भात वाढून घ्यायला उठला. तीन वर्षं हा गृहस्थ याच खुर्चीवरून होडी तपासत आला होता.

नेटाने हट्टच धरला. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलचा मॅनेजर अविशाय दोघांना धक्क्यावर घेऊन गेला. अत्तराचा घमघमाट, गळ्यात सोन्याची साखळी, आणि उझीच्या खांद्यावर हात असा की जणू दोघं एका घरात वाढलेले. धक्क्याच्या टोकाला एक होडी होती. तिच्यावर हॉटेलचं नाव होतं. नेटाने त्यावर बोट टेकवलं, तर बोटाला निळा रंग लागला.

ती होडीत उतरली. तळाशी प्लास्टिकची चटई अंथरलेली होती. नेटाने चटईचं टोक धरून ती गुंडाळली. खाली लाकूड. तिने गुडघ्यावर बसून ठोकून पाहिलं. लाकूडच.

"काच कुठाय?" तिने विचारलं.

अविशायने उझीकडे पाहिलं. उझी समुद्राकडे पाहू लागला.

"काच ना," अविशाय म्हणाला, "ती हिवाळ्यात आम्ही काढून ठेवतो."

"होडीचा तळ काढून ठेवता?"

"देखभालीसाठी."

"मग ही बुडत कशी नाही?"

"नेटा," उझी घाईने म्हणाला, "आपण ऑडिटर आहोत, नावाडी नाही."

एवढ्यात एक दाढीवाला हातात बर्फाची पेटी घेऊन धक्क्यावरून तरातरा आला. "झालं का रे अविशाय तुमचं?" तो लांबूनच ओरडला. "मला माणसं न्यायचीत! आणि तो रंग पुसून दे आधी!"

"हा आमचा कॅप्टन," अविशाय म्हणाला.

"कुणाचा कॅप्टन?" दाढीवाला म्हणाला. "होडी माझीय."

आता तरी उझी काही बोलेल असं नेटाला वाटलं. तो बोललाही. "ऊन फार आहे," तो म्हणाला. "चला, कॉफी घेऊ."

लॉबीत कॉफीबरोबर त्याने फाइल तिच्यापुढे सरकवली. "होडी प्रत्यक्ष पाहिली, असं लिही आणि सही कर."

नेटाने लिहिलं: होडी प्रत्यक्ष पाहिली. तळ लाकडी. मालक दुसराच.

उझीने पान फाडलं, चुरगळलं आणि रिकाम्या कपात कोंबलं. "तुझी उमेदवारी कुणाच्या शेऱ्यावर पुरी होते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण होडीवर तूच सही कर. तुला ती तीन वर्षं दिसतेय."

आणि त्याने केली. पेन उघडलं, सही ठोकली, वर केकचा तुकडा तोंडात टाकला. एवढ्या सहजपणे कुणी पावभर टोमॅटोही विकत घेत नाही.

शुक्रवारी बस डिमोनाला थांबली तशी नेटा घरी उतरली. येहुदितने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, त्यांची होडी, त्यांचं हॉटेल. तुझ्या बापाचं काय जातंय? आधी सर्टिफिकेट तर घे. सगळ्यांना सांगून बसलेय मी, आता काय तोंड दाखवू?"

नेटाने हिब्रूत उत्तर दिलं, आणि ते इतकं तिखट होतं की येहुदित मधूनच शब्बाथच्या मेणबत्त्या शोधायला उठून गेली.

राहता राहिली अहुवा, फर्मची भागीदार. ती कॉलेजात व्यावसायिक नीतिमत्ता शिकवायची. नेटा पहिल्या बाकावर बसून तिचा शब्दन् शब्द उतरवून घ्यायची. रविवारी, आठवड्याचं काम सुरू होताच, नेटा तिच्यापुढे उभी राहिली.

"तुझी तक्रार नेमकी काय?" अहुवाने विचारलं.

"होडी नाहीये."

"होडी होती असं तूच म्हणतेस."

"ती दुसऱ्याची होती."

"मालकी हा कायद्याचा प्रश्न झाला. आपण वकील नाही."

"नावाडी नाही, वकीलही नाही," नेटा म्हणाली. "मग आपण आहोत कोण?"

अहुवाने चष्मा काढून पुसला. बाईंना राग आलेला नव्हता, ही त्यातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट. उलट त्यांनी गोड आवाजात सुचवलं, की नेटाचं मन इथे रमत नाही, तिने उरलेली उमेदवारी दुसरीकडे करावी, इथले महिने पूर्ण धरले जातील. आठवडाभरात पत्रही आलं. त्यात तिच्या 'बारकाईने पाहण्याच्या वृत्तीचं' कौतुक होतं. ताळेबंद तोवर फर्मच्या शिक्क्यानिशी बाहेर पडला होता, होडीसकट.

नेटाने पत्र घेतलं. महिने हवे होते तिला. घेताना स्वतःचीही थोडी शिसारी आली, पण घेतलं.

पुढे रामल्यात जुडा नावाच्या एका म्हाताऱ्या ऑडिटरकडे तिला जागा मिळाली. बेकऱ्या, टायरची दुकानं, एक ऑलिव्ह तेलाचा घाणा, असली गिऱ्हाइकं. जुडा तुसडा होता, पण गोदामात स्वतः शिरायचा आणि कपडे मळवून बाहेर यायचा.

वर्षभरात एलातचं ते हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकाने होडी मागितली. ती काही कुणाला देता येईना, आणि प्रकरण वकिलांकडे गेलं. तेव्हा उझीने सांगितलं, की होडी उमेदवार मुलीने तपासली होती, आपण तिच्या शब्दावर सही केली. नेटाला बोलावणं आलं. तिने सुट्टी टाकली, तेल अवीवला गेली आणि वकिलांपुढे सगळं सांगितलं, चटईपासून केकपर्यंत. टेबलापलीकडे उझी बसला होता. आणखी जाड झाला होता. सबंध वेळ त्याने मान वर केली नाही. बिस्किटांची बशी मात्र आपल्या बाजूला ओढून घेतली.

फर्मने गुपचूप भरपाई देऊन विषय मिटवला. उझीला काढलं नाही, वरच्या मजल्यावर मोठी खोली दिली.

बाहेर पडताना नेटा जिन्यात क्षणभर थांबली. या दिवसाची तिने कितीतरी वेळा कल्पना केली होती, आपण काय काय सुनावू याची. आता सुनावावंसं वाटेना. एवढ्याशा माणसावर राग खर्च करायचा तिला कंटाळा आला होता. ती रस्ता ओलांडून रामल्याची गाडी धरायला निघाली.