स्वच्छ आवाजाचं बटण

शाळेत पॉडकास्ट सुरू करायचा, हे ठरायला वेळ लागला नाही, कारण पलीकडच्या शाळेनं तो आधीच सुरू केला होता. तो कशासाठी सुरू करायचा, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. ते अजूनही राहिलेलंच आहे.

साधन कोणतं घ्यावं यावर शिक्षकांच्या खोलीत घनघोर चर्चा झाली. कॉम्प्युटरच्या सरांना फोटोत ठसठशीत दिसेल असा माइक हवा होता. मुख्याध्यापकांना शाळेचं बोधचिन्ह हवं तेवढं मोठं करता येईल असं ॲप हवं होतं. गणिताच्या सरांना चहा हवा होता. मुलांना काय हवंय, असं चित्रकलेच्या बाईंनी मध्येच विचारलं, तेव्हा सगळे इतके मनापासून हसले की शेवटी त्या स्वतःही हसल्या.

अखेर सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाईंनी एक ॲप दाखवलं. त्यात 'स्वच्छ आवाज' नावाचं बटण होतं. ते दाबलं की खोकला, शिंक, 'अं', 'म्हणजे', दोनदा आलेला शब्द, मधली शांतता, सगळं गायब! बाईंनी नमुना म्हणून मुख्याध्यापकांचंच एक भाषण त्यातून काढलं. ते निम्म्याहून कमी झालं.

"अरेच्चा! पण मी बोललेलं सगळं आहे की यात!" मुख्याध्यापक म्हणाले. ॲप मंजूर झालं. प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीला भिंतभर स्पंज लावला, दाराला काच बसवली, आणि शाळेला आवाज मिळाला.

सातवीत एक मुलगी होती. ती अडखळत बोलायची. वर्गानं तिचं नाव 'बफरिंग' ठेवलं होतं. बाई त्याबद्दल मुलांना रागवायच्या. त्या प्रेमळच होत्या. मुलगी पहिल्या अक्षरावर अडकली की पुढचा शब्द त्या झटकन पुरवायच्या. कधीकधी तो मुलीच्या मनातला शब्द नसायचा, पण ती मान डोलावून तोच चालवून घ्यायची.

तरीही ती रोज हात वर करायची. वाचकहो, एवढं लक्षात असू द्या.

पॉडकास्टसाठीही तिनंच पहिला हात वर केला. वर्गात खसखस पिकली. "बाई, हिचा एपिसोड दहावीपर्यंत चालेल!" मागून कुणीतरी म्हणालं. बाईंनी डोळे वटारले आणि तिला स्पंजच्या खोलीत नेलं.

तिचे पप्पा लोकांना मोटार चालवायला शिकवायचे. त्यांच्याबद्दल ती बोलली. बोलता बोलता घामाघूम झाली. बाईंनी बटण दाबलं आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. मुलगी ऐकत राहिली. पुन्हा ऐकलं. मग तिनं विचारलं, "ही… म-म-मी?"

"मग कोण? तूच गं!" बाईंचे डोळे पाणावले.

सकाळच्या प्रार्थनेनंतर मैदानावरच्या कर्ण्यांतून तो एपिसोड वाजला. एकही अडखळ नाही, इस्त्रीची घडी! टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. त्यात ते स्वतःही बरेचसे होते.

पुढच्या आठवड्यात बाईंनी धड्यावरचा एक प्रश्न विचारला. मुलगी उभी राहिली, शाळेनं दिलेला टॅब तिनं बाकावर ठेवला आणि बोटानं दाबला. टॅबमधून तिचंच स्वच्छ, सरळ उत्तर आलं. घरून सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं रेकॉर्ड करून, बटण मारून आणली होती!

वर्गानं टाळ्या वाजवल्या. "हुशार आहेस हं!" बाई म्हणाल्या. इतिहासाचे सर म्हणाले, "बरं झालं बुवा, तास वाचतो." मुख्याध्यापकांनी तर फर्मानच काढलं, "तपासणीच्या दिवशी तिलाच पुढे करा. म्हणजे, टॅबला."

एकदा ती शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी सहज विचारलं, "काल का गं आली नाहीस?"

मुलीनं टॅब उघडला. वर सरकवला, खाली सरकवला. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. तिनं बाईंकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि ती खाली बसली. गेल्या कित्येक दिवसांत तिनं हात वर केलेला नाही, हे बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याच दुपारी तिचे वडील आले. "बाई, घरीही बोलत नाही हो. जेवायला चल म्हटलं की मान हलवते. आधी अडखळायची, पण डोकं खायची आमचं! आता तो एपिसोड लावून बसते. मी विचारलं, तर वहीवर लिहून दाखवलं, 'ती चांगली बोलते.' ती म्हणजे कोण, बाई?"

आता बाईंनाही कुणीतरी शब्द पुरवायला हवा होता.

संध्याकाळी घरी त्यांनी सासऱ्यांना तो एपिसोड ऐकवला. नाना टेलिफोन खात्यातले निवृत्त अभियंते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"छान आहे. बातम्या देणाऱ्या बाईसारखं. आता न धुतलेलं ऐकव."

"नाना, ते फार लांबलंय."

"मला कुठे गाडी पकडायचीय?"

बाईंनी मूळ रेकॉर्डिंग लावलं. खरं तर त्याही ते पहिल्यांदाच नीट ऐकत होत्या. मुलगी सांगत होती, "चौकात गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वा-वा-वाजवतात. शिकणारा घाबरतो. पप्पांच्या पायाशीपण क्लच असतो, पण प-प-पप्पा पाय लावत नाहीत. ते म्हणतात, वा… वा…" इथे लांबलचक शांतता. मग "वाजवू देत, मी बसलोय!" आणि लगेच मुलगी हसली. अवघड घाट चढून आल्यासारखी, खळखळून हसली.

नानांनी डोळे उघडले. "हे हसू त्या दुसऱ्यात कुठे गेलं?"

"बटणानं काढलं असेल. ते शब्द नसलेलं सगळं काढतं."

"वा! आमच्या वेळी आवाज नीट आला नाही की आम्ही लाइन दुरुस्त करायचो गं. बोलणाऱ्याला दुरुस्त करायला आम्ही कधी गेलो नाही."

"पण नाना, मुलं तिला हसायची! मी तिला त्यातून सोडवलं."

"मुलं हसत होती तर मुलांना शिकवायचं होतं. तू तिलाच कापलंस. आणि मुलीला कळलं काय? की माझा जो भाग या लोकांना नको होता, तो काढला की टाळ्या पडतात. मग उरलेल्या भागानं तोंड तरी कशाला उघडावं? सूनबाई, खरं सांग. बटण तिच्यासाठी होतं की तुमच्या कानांसाठी?"

बाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा त्या हसण्यापाशी नेलं. नानांनी शब्द पुरवला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर बाई मुलीला स्पंजच्या खोलीत घेऊन गेल्या. मूळ रेकॉर्डिंग लावताच मुलीनं कानांवर हात ठेवले. बाईंनी ते बंद केलं. माइक काढला. टॅब उचलून कपाटात ठेवला.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "आता टॅब नाही, माइक नाही. मीच आहे. परवा का नाही आलीस गं?"

मुलगी गप्प. बाई गप्प. खूप वेळानं मुलीचे ओठ हलले.

"च… च…"

चक्कर आली होती का? शब्द बाईंच्या जिभेवर तयार होता. त्यांनी तो गिळला. अख्ख्या नोकरीत त्यांना एवढं जड काही गेलं नव्हतं!

काचेवर टकटक झाली. कॉम्प्युटरचे सर घड्याळ दाखवत होते. तपासणीसाठी टॅबवर नवी उत्तरं भरायची होती.

"वाजवू देत," बाई मुलीला म्हणाल्या. "मी बसलेय."

"च… चा… चार्जिंग न-न-नव्हतं."

टॅब चार्ज नव्हता, म्हणून ती घरी राहिली होती. ती हसली नाही. ते हसू एवढ्यात परत येईल असं वाटत नाही. पण वाक्य तिचं होतं, आणि ते तिनंच संपवलं होतं.

तपासणी उत्तम झाली. बाईंनी ते बटण बंद करायला सांगितलं, म्हणून पॉडकास्ट कॉम्प्युटरच्या सरांकडे गेला. ते बटण अजून चालू आहे, आणि ऐकणारे वाढले आहेत. मुलगी रोज सुट्टीनंतर बाईंशेजारी बसते. कधी एक वाक्य होतं, कधी तेही होत नाही.

तेव्हा नागरिकहो, मुलांच्या हाती माइक जरूर द्या. ॲपही निवडा, पारखून निवडा. पण ते काय काय ठेवतं हे विचारण्याआधी काय काय काढून टाकतं, हे विचारा. आणि समोरचं मूल एखाद्या अक्षरावर अडलं, तर त्याचा शब्द त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका. थांबा. थांबण्यासाठी कुठलंही साधन विकत घ्यावं लागत नाही. म्हणूनच बहुधा ते कुठल्याच शाळेच्या खरेदीत बसत नाही.